आईचा फोन, चार वाजून बारा मिनिटं

१

आई जाऊन चौदा महिने झाले होते, आणि बुधवारी दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी आईच्या फोननं भौतिकशास्त्राची प्रश्नपत्रिका उघडली होती.

लॅपटॉपच्या पडद्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. मावशीनं चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत लावला आणि पुन्हा वाचलं. अक्षरं होती तिथंच होती.

"आई म्हणजे तुझ्या सासूबाई?"

"हो." भाचीचे डोळे रडून सुजले होते. "मावशी, मला वेड लागायची पाळी आलीय गं."

मावशीनं कॉलेजच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं काढली होती. पुस्तकं पळवणाऱ्या पोरांपासून पानं फाडणाऱ्या प्राध्यापकांपर्यंत सगळ्यांना तिनं जागेवरून न उठता, नुसत्या नोंदवहीवरून पकडलं होतं. त्यामुळे निवृत्त झाल्यावरही नात्यात कुणाचं काही हरवलं की तिलाच हाक जायची. ती "मला दुसरी कामं नाहीत का?" म्हणून कुरकुर करायची आणि अर्ध्या तासात दारात हजर व्हायची. आज दोनच्या सुमाराला भाचीनं जिन्यात उभं राहून फोन केला होता. जिन्यात, कारण त्या जाड भिंतींच्या घरात मोबाईलला रेंज नावालाही नव्हती. जिना नाहीतर गच्ची, बोलायचं असेल तर दोनच जागा.

"पहिल्यापासून सांग. रडणं नंतर."

भाची शाळेत शिकवायची. यंदा मंडळानं तिच्याकडे परीक्षेचा पेपर काढायचं काम दिलं होतं. सोमवारी तिनं तो घरी टाइप करून ठेवला. बुधवारी संध्याकाळी सात वाजता शाळेतून आल्यावर परत तपासला, तर सातव्या प्रश्नात मनोऱ्याची उंची पंचेचाळीसऐवजी चोपन्न मीटर पडली होती. तिनं ती सुधारून पेपर मंडळाला पाठवला. गुरुवारी सकाळी तोच पेपर मुलांच्या फोनवर फिरत होता.

"आणि फिरणाऱ्या पेपरात उंची किती आहे?"

"चोपन्न." भाचीनं ओठ चावला. "म्हणजे तो मंडळातून गेलेला नाही. आमच्या घरातूनच गेलाय, बुधवारी संध्याकाळच्या आत. उद्या अकरा वाजता चौकशी आहे. मी विकला असंच ते धरून चाललेत. नोकरी तर जाईलच, पण उद्या रस्त्यात एखादा विद्यार्थी भेटला तर मी त्याच्याकडे कुठल्या तोंडानं बघू?"

घड्याळात अडीच वाजले होते.

"पेपर ठेवला कुठं होतास?"

भाचीनं कोपऱ्यातल्या वायफायच्या पेटीकडे बोट केलं. तिला एक काळी डबी जोडलेली होती. घरातले फोटो, बिलं, भाचीचे पेपर, सगळं त्या डबीत. घरच्या वायफायवर असलेला कुणीही ती उघडू शकायचा.

"आणि डबीला कुलूप?"

"नाही," भाची म्हणाली. "नाना म्हणतात, दारावर पहारा असताना आतल्या कपाटाला कुलूप कशाला? आमच्या वायफायमध्ये मुंगीलासुद्धा शिरायला जागा नाही, मावशी. आणि तरी आई आत आल्या."

२

नाना म्हणजे भाचीचे सासरे. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेला. तिथं ते तारा सांभाळायचे, इथं बिनतारी घर सांभाळत होते.

त्यांनी कपाटातून लाल बांधणीची वही काढली आणि मावशीपुढे ठेवली. वही बघून मावशीला माहेरी आल्यासारखं वाटलं. उभ्या आडव्या रेघा, निळी शाई, रांगेनं नोंदी.

"प्रत्येक यंत्राला जन्मतःच एक क्रमांक असतो, मावशीबाई," नाना म्हणाले. "फोन असो, लॅपटॉप असो, त्याचा क्रमांक मी आधी वहीत लिहितो, मग पेटीच्या यादीत भरतो. यादीत असेल तर आत. नसेल तर पासवर्ड माहीत असूनही बाहेर. पाहुणे असोत, नाहीतर साक्षात मंत्री."

"यादीत किती जागा?"

"बारा. एक जास्त नाही. नवीन यंत्र घ्यायचं तर जुनं काढावं लागतं."

मावशीनं बोट फिरवत ओळी वाचल्या. नानांचा फोन, सुनेचा फोन, मुलाचा फोन. चौथी ओळ, आईचा फोन. मग सुनेचा लॅपटॉप, मुलाचा लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर, नानांचं रक्तदाबाचं यंत्र, लेकीचा फोन, खोलीतला पंखा. बाराव्या ओळीवर 'वरचे सर' असं लिहून लाल शाईनं काट मारली होती आणि खाली 'दाराची घंटा, कॅमेऱ्यासह' अशी नोंद होती.

"मुलगा कुठं असतो सध्या?"

"पंधरा दिवस झाले, कामासाठी बाहेरगावी आहे. फोन, लॅपटॉप त्याच्याबरोबर."

चौथ्या ओळीच्या समासात पेन्सिलीचे बारीक ठिपके होते, रांगेत, मोहरीएवढे. बाकी कुठल्याच ओळीला नव्हते. मावशीनं ते मनातल्या मनात मोजले. तेवीस.

"पेटीची यादी तुम्ही शेवटची कधी उघडून बघितलीत, नाना?"

"महिना झाला असेल," नाना चटकन म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

वहीच्या पाठीत एक पेन्सिल खोचलेली होती. तिचं टोक ताजं होतं. माणूस खोटं बोलताना आधी उत्तर देतो आणि मग विचार करतो, हे मावशीला दंडाच्या पावत्या फाडता फाडता कळलेलं होतं. नानांनी नेमकं तेच केलं होतं.

"पेटी उघडायचा पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?"

"याच वहीच्या शेवटच्या पानावर आहे. घरातल्या माणसांपासून काय लपवायचं?"

तिनं पान उलटलं. पासवर्ड ठळक अक्षरात लिहिला होता, खाली दुहेरी रेघ मारून. मावशीनं कपाळावर हात मारला.

"आता मला तो फोन दाखवा."

नानांचा चेहरा एकदम उतरला. "त्या फोनला कुणी हात लावायचा नाही," ते म्हणाले.

३

शेवटी सुनेनं विनवल्यावर त्यांनी खणाची किल्ली दिली. फोन हातरुमालात गुंडाळलेला होता. मावशीनं तो उलटा केला आणि तिला कळून चुकलं. बॅटरी इतकी फुगली होती की मागचं झाकण उचललं गेलं होतं. हा फोन बुधवारीच काय, गेल्या सहा महिन्यांत सुरू झालेला नव्हता.

"मग कोण आलं?" भाची कुजबुजली. तिच्या अंगावर काटा आला होता.

मावशीनं झाकण आणखी थोडं वर केलं. झाकणाच्या आत बारीक अक्षरात क्रमांक छापलेला होता, शेवट ४७-१८. तिनं वहीतली चौथी ओळ बघितली. ४७-१८. नानांच्या अक्षरात एक आकडा इकडचा तिकडे नव्हता.

"आमच्याकडे पुस्तकाची ओळख त्याच्या दाखल-क्रमांकावरून," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "पाठीवरच्या नावावरून नाही. एका पोरानं एकदा शब्दकोशाचं वेष्टन काढून भलत्याच पुस्तकाला घातलं होतं. फळीवर शब्दकोश दिसायचा. सहा महिने कुणाला पत्ता नाही. पेटीतली चौथी ओळ उघड गं."

"ती ओळ उघडू नका!" नाना जवळजवळ ओरडले. ते खुर्चीतून उठले होते.

भाचीनं मावशीकडे बघितलं. मावशीनं मान हलवली. भाचीनं ओळ उघडली.

वरच्या रकान्यात नाव होतं, 'आईचा फोन'. खालच्या रकान्यात क्रमांक होता. त्याचा शेवट होता ९०-३२.

नाना खाली बसले आणि त्यांनी डोळ्यांवर हात धरला.

कुणीतरी आईचं नाव तसंच ठेवलं होतं आणि त्यामागं आपलं यंत्र लपवलं होतं. आणि ते रोज आत येत होतं. पेटीतल्या नोंदी मावशीनं मागं मागं नेऊन बघितल्या, चार आठवडे, रविवार सोडून रोज, दुपारी चारच्या सुमाराला आत, साडेपाचला बाहेर. एकूण तेवीस दिवस.

तेवीस. मावशीनं नानांकडे बघितलं आणि लाल वही मिटून ठेवली.

४

पण आधी वरचे सर. भाचीचा सगळा संशय त्यांच्यावर होता, आणि संशय घ्यायला जागाही होती. वरच्या मजल्यावर ते भाड्यानं राहायचे आणि तिथंच शिकवणी घ्यायचे, त्याच परीक्षेची. तीन महिन्यांपूर्वी नानांनी त्यांची ओळ खोडून तिथं दाराची घंटा भरली होती, तेव्हापासून जिन्यात समोरासमोर आले तरी दोघं भिंतीकडे बघायचे.

सर मावशीला पाहताच तडकले. "मला माहीत होतं, गाडी माझ्यावरच येणार! एक वायफाय मागितलं तर म्हातारबांनी घंटेला माझ्यापेक्षा वरची पायरी दिली. आता चोरही मीच?"

"रागावू नका. बुधवारी चार वाजता कुठं होतात?"

"इथंच. तीन ते सहा, समोर वीस मुलं. फळ्यापासून हललो तर गोंधळ घालतात. विचारा कुणालाही." ते जरा निवळले. "आणि मला पेपर मिळाला असता ना, तर चोपन्न मीटरची चूक मी आधी दुरुस्त केली असती. मुलांना चुकीचं गणित देऊन मला काय नाव खराब करायचंय?"

मावशीला मनातून हसू आलं. शिक्षकाची खोड चोरी करतानाही सुटत नाही, हे तिला पटण्यासारखं होतं. शिवाय लाल वही सरांच्या हाती लागायचा प्रश्नच नव्हता. पासवर्ड वहीत होता आणि वही नानांच्या कपाटात. ज्यानं ओळ बदलली तो त्या घरात मोकळेपणी वावरणारा होता. आणि त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की बारा ओळींपैकी एका ओळीला नाना मरेपर्यंत हात लावणार नाहीत.

ती जिना उतरत असतानाच खाली घंटा वाजली. बरोबर चार वाजले होते.

५

नानांची लेक, म्हणजे भाचीची नणंद, रोज चारला यायची. गुडघ्यांना तेल लावायची, औषधं मोजून द्यायची आणि साडेपाचला जायची. नेहमीसारखी तिच्याबरोबर तिची मुलगी चिमीही होती. सतरा वर्षांची, दोन वेण्या, नखं कुरतडलेली. यंदा हीच परीक्षा ती दुसऱ्यांदा देणार होती.

"वहिनी, काही समजलं का गं?" नणंदेनं आत येताच विचारलं. आवाजात काळजी होती आणि ती खोटी वाटत नव्हती. "मी सांगते, तो वरचा मास्तर! तुम्ही त्याची चौकशी करा, मावशी."

"करून आले." मावशी तिच्याशेजारी बसली. "बुधवारी तू आली होतीस ना?"

"रोजच येते. पण बुधवारी एकटी होते. चिमीचा त्या दिवशी जादा तास होता."

"इथं असताना कुणी आलं, गेलं?"

"कुणी नाही. मी नानांचे पाय चेपत होते. मग त्यांचा डोळा लागला."

नाना पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. ते हूं की चूं करीनात. लेक आली की एरवी ते उठून बसायचे, असं भाची नंतर म्हणाली.

मावशीनं आणखी दोनचार साधे प्रश्न विचारले. नणंदेची उत्तरं सरळ होती, जरा जास्तच सरळ. मावशीला काही सापडत नव्हतं आणि उद्याचे अकरा जवळ येत होते. समोर भाची नुसती बसून होती, हातातला पेला न पिता फिरवत.

मागं कुणीतरी प्रकाशाच्या अपवर्तनावर बोलत होतं. बाईचा आवाज, संथ, समजावून सांगणारा. मावशीनं वळून बघितलं. चिमी कोपऱ्यातल्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. मांडीवर पिवळ्या कव्हरचा टॅब होता आणि त्यावर धड्याचा व्हिडिओ चालू होता. अडखळत नव्हता, थांबत नव्हता.

मावशीनं हळूच स्वतःचा फोन काढला. रेंजची एकही दांडी नव्हती.

तिनं लाल वही पुन्हा उघडली आणि बाराही ओळी वाचल्या. फोन होते, लॅपटॉप होते, टीव्ही, प्रिंटर, पंखा, घंटा होती. टॅब नावाची वस्तू त्या वहीत नव्हती.

६

"चिमे, मला जरा शिकव गं," मावशी म्हणाली. "या यंत्राचा क्रमांक कुठं बघतात?"

चिमीनं हसत दोन ठिकाणी बोट लावलं आणि टॅब पुढे केला. मावशीनं शेवटचे चार आकडे वाचले आणि टॅब मांडीवर ठेवून घेतला.

"आता गच्चीवर जा आणि तुझ्या बाबांना फोन कर. आईला उशीर होईल म्हणून सांग."

पोरगी गेली. मावशीनं दार लोटलं.

"नव्वद-बत्तीस," ती म्हणाली.

भाचीच्या हातातला पेला हिंदकळला. नणंद एकदम बोलायला लागली. "मला काय माहीत? आजकालची मुलं काहीही करतात. कुणीतरी तिला जोडून दिलं असेल..."

"म्हणजे उद्या मी चौकशीत चिमीचं नाव सांगू?"

नणंदेनं लोटलेल्या दाराकडे बघितलं.

"एकेक नाव काढून टाकलं, की तूच उरतेस," मावशी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "वरच्या सरांना ही वही मिळत नाही, आणि चारला ते फळ्यासमोर असतात. तुझा भाऊ गावात नाही. वहिनीला स्वतःच्या पेपरासाठी मेलेल्या माणसाच्या नावाआड लपायची गरज नाही. हा टॅब रोज चारला येतो आणि साडेपाचला जातो, तुझ्यासारखाच. बुधवारी चिमी नव्हती. पण दाराच्या घंटेला डोळा आहे, बाई. बुधवारचं तिचं चित्र काढू? तुझ्या पिशवीतून पिवळं कव्हर डोकावत असेल, मी पैज लावते."

भाची उठून उभी राहिली. "ताई, तुम्ही?" एवढंच ती म्हणाली.

नणंदेनं ओंजळीत तोंड लपवलं. "मी चोरी करायला नाही गं जोडला तो," ती हुंदक्यांतून बोलली. "चिमीला धडे बघायचे होते. नानांना म्हटलं, एक ओळ द्या. ते म्हणाले, बारा भरल्या. मी म्हटलं, आईची ओळ काढा, आई तर नाही आता. त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. म्हणून मी फक्त क्रमांक बदलला. नाव ठेवलं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून ठेवलं. खरंच."

"आणि पेपर?"

"बुधवारी तासाला जायच्या गडबडीत पोरगी टॅब घरीच विसरली, मी पिशवीत टाकला. नाना झोपले. मी फोटो बघायला डबी उघडली, आईचे फोटो. बाजूला वहिनीचं नाव दिसलं. चिमी गेल्या वर्षी नापास झाली तेव्हा चार दिवस जेवली नव्हती, मावशी. मला तेवढंच दिसलं. मी प्रश्न उतरवले आणि तिला म्हटलं, ओळखीच्या बाईंनी महत्त्वाचे प्रश्न दिलेत. तिनं ते मैत्रिणींना पाठवले. एकटीनं ठेवावेत हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही."

"आणि काल सगळं उघडं पडल्यावर मी इथं रडत होते, तेव्हा तुम्ही मला पाणी आणून दिलंत," भाची म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "माझ्या पाठीवरून हात फिरवलात!"

नणंदेनं मान आणखी खाली घातली.

पलंगावरून नानांचा आवाज आला. "तिला एकटीला बोल लावू नका. मला माहीत होतं."

७

नाना उठून बसले होते. मावशीनं वही त्यांच्यासमोर धरली आणि चौथ्या ओळीच्या ठिपक्यांवर बोट ठेवलं.

"रोज चारला यादी उघडत होतात ना?"

"एक्स्चेंजची सवय," नाना म्हणाले. "कुठली तार चालू, कुठली बंद, दिवसातून एकदा बघायचंच. महिन्यापूर्वी बघितलं, तर हिच्या नावापुढे हिरवा दिवा." ते थांबले. "मी चाळीस वर्षं तारा जोडल्या, मावशीबाई. बंद पडलेली तार आपोआप बोलत नाही हे मला कळत नसेल? कुणीतरी आत शिरलंय हे मला पहिल्याच दिवशी कळलं. खण उघडून क्रमांक ताडून बघायला पाच मिनिटं लागली असती."

"मग का नाही बघितलात?"

"बघितलं असतं तर दिवा गेला असता." नानांचे डोळे भरून वाहायला लागले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. "चारला ती बाजारातून यायची. इतकी वर्षं. मी म्हटलं, असू दे. रोज चारला तिचं नाव उजळतंय, असू दे. एक ठिपका काढायचो आणि झोपायचो. पहारेकरी मीच, आणि दार मीच उघडं ठेवलं. सूनबाई, तुझ्यावर बालंट आलं ते माझ्यामुळे."

भाची रडत होती, पण मघासारखी नाही.

नानांनी लाल शाईचं पेन मागितलं. चौथ्या ओळीवर त्यांनी काट मारली, सावकाश, पट्टी लावून. समासात 'बंद' असं लिहिलं, तारीख घातली आणि खाली सही केली. मग लेकीकडे वळले.

"उद्या अकराला तू हिच्याबरोबर जायचं. सगळं आपल्या तोंडानं सांगायचं. चिमीला यातलं काही ठाऊक नव्हतं, तेही तूच सांगायचं. वही घेऊन मीही येतो."

"नाना, लोक काय म्हणतील?"

"ते आता तुझ्या वहिनीला म्हणतायत. तिनं काय केलंय?"

शनिवारी तिघंही गेले. पेपर रद्द झाला आणि नवीन पेपर दुसऱ्या कुणाला तरी काढायला दिला. डबीला कुलूप नव्हतं म्हणून भाचीला लेखी ताकीद मिळाली. नोकरी राहिली आणि नावही राहिलं. नणंदेचं पुढं काय करायचं, ते मंडळ ठरवणार होतं. वरच्या सरांनी मात्र सोमवारी नवीन अर्ज पाठवला. एक ओळ मोकळी झाल्याचं त्यांना जिन्यात कळलं होतं.

सोमवारी दुपारी मावशी सहज म्हणून डोकावली. सहज म्हणजे काय ते सगळ्यांनाच माहीत होतं. चार वाजता घंटा वाजली. पडद्यावर दारातलं चित्र आलं. नणंद उभी होती, एकटी, हातात पिशवीसुद्धा नव्हती. तिनं घंटा एकदाच वाजवली होती आणि ती खाली मान घालून थांबली होती.

नानांनी लाल वही उचलली आणि सुनेच्या हातात दिली. "ही आता तुझी. आत कुणाला घ्यायचं ते तू ठरव. मी मध्ये पडणार नाही."

भाची वही छातीशी धरून बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मावशीला बोलायचं होतं, पण चौतीस वर्षांत पहिल्यांदाच तिनं जीभ आवरली. मग भाचीनं वही टेबलावर ठेवली आणि जाऊन कडी काढली.

"या, ताई," ती म्हणाली. ती हसली नाही, पण दारातून बाजूला झाली.

नानांनी सवयीनं पेन्सिल उचलली होती. ती त्यांनी परत ठेवली आणि लेकीला बसायला खुर्ची ओढून दिली.